आक्रमक खेळाचं रबर आणि वेगाचा हट्ट

अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यातल्या टेबल टेनिसच्या कुठल्याही हॉलमध्ये जा, एक मत हमखास कानावर येतं. मूल आक्रमक खेळत असेल तर बॅटच्या दोन्ही बाजूंना मिळेल तेवढं वेगवान रबर लावा, स्पंज ‘मॅक्स’ जाडीचाच घ्या, आणि ऐपत असेल तर बटरफ्लाय कंपनीच्या टेनर्जी किंवा डिग्निक्स या महागड्या रबरांच्या खाली उतरू नका. पालक हे एकमेकांना सांगतात, मोठी मुलं लहानांना सांगतात, काही प्रशिक्षकही सांगतात. मला हे मत चुकीचं वाटतं. ज्या मुलांना खरोखर आक्रमक खेळायचं आहे, त्यांचंच यात सर्वांत जास्त नुकसान होतं असं माझं म्हणणं आहे.

समोरच्या बाजूचं म्हणणं आधी नीट मांडतो, कारण ते पोकळ नाही. आक्रमण म्हणजे समोरच्याला वेळ न देणं, आणि वेळ हिरावून घ्यायचा तर चेंडू वेगाने जायला हवा. २००० साली चेंडूचा व्यास ३८ मिलिमीटरवरून ४० झाला, २०१४ पासून सेल्युलॉइडच्या जागी प्लास्टिक आलं. दोन्ही बदलांनी चेंडूची फिरकी कमी झाली, मग ती तूट रबरातूनच भरून काढावी लागणार. शिवाय संथ रबरावर शिकलेल्या मुलाने पुढे वेगवान रबर लावलं की फटक्याचा कोन, मनगट, वेळ, सगळं पुन्हा बसवावं लागतं. मग पहिल्यापासून मोठ्यांचंच रबर का नको? आणि एवढ्यानेही पटलं नाही, तर ही मंडळी मुंबईचाच दाखला देतात.

दाखला जबरदस्त आहे. फेब्रुवारी १९५२ मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा मुंबईत भरली. आशियातली ती पहिलीच. जपानचे हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन उतरले आणि अंतिम सामन्यात हंगेरीच्या योझेफ कोचियान यांना हरवून पुरुष एकेरीचे जगज्जेते झाले. तोवर बहुतेक खेळाडू स्पंज नसलेल्या दाणेदार रबरावर खेळत. त्यावर चेंडू लागला की टक्कन आवाज येई आणि त्या आवाजावरूनही फटक्याचा अंदाज बांधला जाई. सातोंच्या बॅटमधून तो आवाजच येईना. चेंडू स्पंजात रुतून भलत्याच गतीने बाहेर पडे. जपानने त्या स्पर्धेत पुरुष दुहेरी, महिला दुहेरी आणि महिला सांघिक विजेतेपदंही नेली. रबराने याच शहरात जगज्जेता घडवला, असं म्हणणारे म्हणूनच ताठ मानेने म्हणतात.

पण ही हकीकत इथेच थांबवली जाते आणि तिथेच घोळ होतो. सातोंच्या विजयात स्पंजाच्या अनोळखीपणाचा वाटा फार मोठा होता. जगाला स्पंजाची सवय झाली आणि एकेरीचं जगज्जेतेपद सातोंना पुन्हा कधी मिळालं नाही. १९५४ मध्ये लंडनला आणि १९५६ मध्ये टोकियोला ते मिळालं इचिरो ओगिमुरा यांना. स्पंज त्यांच्याही बॅटवर होता, पण जग आठवण ठेवून आहे ते त्यांच्या पायांच्या चपळाईची, अंग मोडून केलेल्या सरावाची आणि फोरहँडच्या पूर्ण फटक्याची. पुढे १९५९ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने नुसत्या स्पंजावर बंदी घातली आणि रबर-स्पंजाच्या जोडीला जाडीची मर्यादा आखली. आज ती गोंद धरून ४ मिलिमीटर आहे. दुकानातून आणलेलं आपल्या मुलाचं रबर समोरच्या मुलालाही त्याच दुकानात मिळतं, त्यात अनोळखी काहीच नसतं. मग मुंबईच्या त्या विजयाचा धडा आज कुणाला कसा लागू पडणार?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आक्रमण सुरू कुठे होतं? स्मॅशने नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलांचा सामना लक्ष देऊन पाहा. सर्व्हिस येते ती आखूड आणि खाली फिरणारी. ती पुश करून परत जाते, तिकडूनही पुश येतो, आणि मग ज्याच्यात धमक आहे तो त्या खाली फिरणाऱ्या चेंडूवर पहिला टॉपस्पिन मारतो. आक्रमक खेळाडूचं नशीब त्या एका फटक्यावर ठरतं. तो फटका वेगाचा नसतो. चेंडू रबराने धरावा लागतो, घासून वर उचलावा लागतो, त्याला इतकी फिरकी द्यावी लागते की जाळी ओलांडून तो टेबलावर उतरेल. चेंडू रबरावर क्षणभर टिकला तरच हे जमतं. फार उसळी असलेल्या रबरावरून तो घासण्याआधीच निसटतो आणि सरळ टेबलाबाहेर जातो. मग मूल काय करतं? हात आखडतं. अर्धाच फटका मारतं. चार चेंडू बाहेर गेले की पाचवा पुश करतं, कारण पुश तरी टेबलावर पडतो. वेगवान रबराच्या नादाने आक्रमक मुलं भित्री झालेली मी पाहिली आहेत, आणि हॉलमध्ये वावरणाऱ्या कुणीही पाहिली असतील. पालक म्हणतात, याच्यात आत्मविश्वास कमी आहे. आत्मविश्वास पुरेसा असतो. त्याच्या हाताला न पेलणारं रबर त्याला रोज सांगत असतं की पूर्ण हात फिरवलास तर गुण गेला.

सर्व्हिस घेतानाही तेच. आखूड सर्व्हिस आखूडच परत ठेवायची तर बॅट मुकी हवी. उसळणाऱ्या रबरावर हलका स्पर्शही चेंडूला उंच उडवतो, आणि उंच चेंडूवर समोरचा मारतोच.

‘टॉपचे खेळाडू हेच लावतात’ या युक्तिवादाला माझं उत्तर त्यांच्या हाताच्या वेगात आहे. स्पंजाचं काम समजून घ्यायला हवं. हळू लागलेला चेंडू रबराच्या वरच्या थरावरूनच परततो. जोरात लागलेला स्पंजात शिरतो आणि फार जोरात लागलेला थेट लाकडापर्यंत पोहोचतो. कडक स्पंज दाबायला हाताचा प्रचंड वेग लागतो. तो वेग असलेल्या खेळाडूला कडक स्पंज जास्त फिरकी आणि जास्त जोर देतो. ज्याच्या हातात तो वेग अजून आलेला नाही, त्याचा चेंडू वरच्या थरावरूनच निघून जातो, आणि महागडं रबर त्याला मध्यम रबरापेक्षा कमी फिरकी देतं. त्यात आकड्यांचा गोंधळ भर घालतो. बटरफ्लाय स्वतःच्या मोजमापात टेनर्जीचा स्पंज ३६ आणि डिग्निक्स ०५ चा ४० सांगते. जर्मन बनावटीच्या रबरांवर ४५-४७ असे आकडे असतात. चीनच्या हरिकेन थ्रीवर ३९ किंवा ४० लिहिलेलं असतं आणि हाताला तो जपानी ४० पेक्षा कितीतरी कडक लागतो. तिन्ही मोजमापं वेगळी आहेत. एका कंपनीचा आकडा दुसरीच्या आकड्याशेजारी ठेवून रबर निवडणं अर्थहीन आहे, तरी ते रोज चालतं.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. २००८ पर्यंत अव्वल खेळाडू सामन्याआधी स्पीड ग्लू लावून स्पंज फुगवत आणि त्यातून वेग मिळवत. आरोग्याला घातक द्रव्यांमुळे त्या सप्टेंबरपासून तो बंद झाला. त्याच वर्षी टेनर्जी आलं, स्पंजातच स्प्रिंगसारखी उसळी घेऊन. म्हणजे अव्वल खेळाडू मुद्दाम, जाणून, सामन्यापुरती जी उसळी बॅटवर चढवत असत, तिच्या तोडीची उसळी आता दहा वर्षांच्या मुलाच्या बॅटवर कायमची बसलेली असते. त्याखाली कार्बनचं ब्लेड असलं तर विचारायलाच नको.

‘आज पेलत नसलं तरी पुढे पेलेल’ हे म्हणणं मला सगळ्यात धोकादायक वाटतं. कपडे मापाने मोठे घेतले तर मूल त्यात वाढतं. रबराच्या बाबतीत मूल त्या रबराला जुळवून घेण्यासाठी आपला फटकाच लहान करतं, आणि लहान झालेला फटका सोळाव्या वर्षी पुन्हा मोठा करणं ही प्रशिक्षकाच्या वाट्याला येणारी सर्वांत जड कामगिरी आहे. त्या मानाने मध्यम रबरावरून वेगवान रबरावर जाणं काही आठवड्यांचं काम असतं, कारण हात पूर्ण फिरायला शिकलेला असतो आणि फक्त बॅटचा कोन बदलावा लागतो.

समोरच्या बाजूचं एक म्हणणं मी मान्य करतो. संथ रबरावर कायम अडकून राहणंही घातक आहे. रेडीमेड बॅटच्या घसरड्या रबरावर टॉपस्पिन शिकताच येत नाही. ज्या मुलाचा फटका पक्का झाला आहे, पाय वेळेवर पोहोचतात, त्याला उसळीचं रबर द्यायलाच हवं. तिथे काटकसर करणं अन्याय आहे. प्लास्टिकच्या चेंडूबद्दलही ते बरोबर आहेत. फक्त फिरकी कमी झाल्याचं उत्तर पकड वाढवणं हे आहे, उसळी वाढवणं नाही.

मग निवड कशी करायची? आक्रमक खेळाडूच्या बॅटला पहिली गरज पकडीची, म्हणजे वरचा थर चेंडू धरेल असा. दुसरी, मध्यम स्पंज, १.८ ते २ मिलिमीटरच्या आसपास. यासाठी नवलाची वस्तू लागत नाही. १९६७ चं स्रायव्हर आणि १९६९ चं यासाकाचं मार्क फाइव्ह या रबरांवर जगभरच्या आक्रमक खेळाडूंच्या पिढ्या घडल्या. मार्क फाइव्ह आजही मिळतं आणि टेनर्जीच्या साधारण निम्म्या किमतीत येतं. दोन्ही बाजूंना एकच रबर हवं हा हट्टही सोडायला हवा. फोरहँडला सगळं अंग लागतं, तिथे स्पंज थोडा कडक चालतो. बॅकहँडचा फटका छोटा, कोपरापासूनचा. तिथे मऊ रबर लवकर साथ देतं. चीनच्या अनेक अव्वल खेळाडूंच्या फोरहँडला चिकट हरिकेन आणि बॅकहँडला वेगळंच, मऊ रबर असतं. त्यांचं अनुकरण करायचंच असेल तर या विचाराचं करावं.

पिंपल्सवाली, म्हणजे दाणे बाहेर असलेली रबरं बचावाची असतात हा समजही इथे फार घट्ट आहे. लिऊ ग्वोलियांग १९९६ मध्ये ऑलिंपिक सुवर्ण जिंकले ते फोरहँडला शॉर्ट पिंपल्स लावून, टेबलाला चिकटून हल्ला करत. जपानच्या मिमा इतोच्या बॅकहँडला शॉर्ट पिंपल्स आहेत आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये जुन मिझुतानीसोबत तिने मिश्र दुहेरीचं सुवर्ण नेलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुसानला आपल्या अयहिका मुखर्जीने तेव्हाच्या जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या सुन यिंगशाला हरवलं, तेव्हा तिच्या बॅकहँडला पिंपल्स नव्हते, पण असंच बचावाचं समजलं जाणारं, फिरकी न धरणारं अँटीस्पिन रबर होतं: समोरच्या खेळाडूची लय मोडायची आणि संधी मिळताच फोरहँडने झोडायचं. ज्या मुलीचा बॅकहँड सपाट आणि झटपट आहे, तिला ‘टॉपस्पिनच शीक’ म्हणून वर्षं घालवण्याआधी एकदा शॉर्ट पिंपल्स हातात द्यावेत.

आपल्या हवेचाही विचार हवा, आणि तो परदेशी कॅटलॉगमध्ये नसतो. चेंडू जेमतेम २.७ ग्रॅमचा, त्यामुळे टेबलाजवळचे पंखे बंद ठेवावे लागतात. जुलैत एसी नसलेल्या हॉलमध्ये रबरावर दमट थर बसतो, चेंडू घसरतो, आणि चिकट चिनी रबर तर हातातल्या हातात निर्जीव होतं. पाण्याचा गोंदही वाळायला वेळ घेतो. पावसाळी स्पर्धांसाठी चिकट रबरापेक्षा साधं पकडीचं रबर बरं, आणि बॅगेत कोरडा सुती रुमाल सतत हवा.

सगळ्यात जास्त कळकळीने सांगायची गोष्ट पैशांची आहे. पाच-सहा हजारांचं रबर घेतलं की मध्यमवर्गीय घरात ते दोन-दोन वर्षं चालवलं जातं. रोज खेळणाऱ्या मुलाच्या रबराची पकड त्याच्या कितीतरी आधी गेलेली असते. वरचा थर चकाकायला लागतो, सर्व्हिसला फिरकी लागत नाही, आणि खेळ बिघडल्याचं खापर मुलावर फुटतं. त्याच पैशात मध्यम रबर वेळेवर दोनदा बदललं तर मूल कायम जिवंत रबरावर खेळेल. आक्रमक खेळाला याहून मोठी मदत दुकानात विकत मिळत नाही.

आणि निवडीचा निकाल टेबलावर लागला पाहिजे. प्रशिक्षकाने खाली फिरणारे चेंडू एकामागून एक द्यावेत, मुलाने पूर्ण हाताने टॉपस्पिन मारावा, किती टेबलावर पडले ते मोजावं. मग दुसऱ्या रबराची बॅट घेऊन तेच करावं. यासाठी प्रत्येक क्लबने आणि क्रीडा संकुलाने तीन-चार वेगवेगळ्या रबरांच्या बॅटी चाचणीसाठी ठेवायला हव्यात. खर्च सगळ्या पालकांत वाटला तर किरकोळ आहे. आज पालक दुकानाच्या काउंटरवर उभं राहून, मुलाने एकही चेंडू न मारता, हजारो रुपयांचा निर्णय घेतात. तो निर्णय हॉलमध्ये, मुलाच्या हाताने व्हायला हवा, आणि ही व्यवस्था उभी करणं हॉल चालवणाऱ्यांचं काम आहे.