जुन्या पिकअपचं ट्यूनिंग, घरच्या घरी

घरची रोजी ज्या जुन्या डिझेल पिकअपवर चालते, ती चढाला काळा धूर सोडू लागली की कुणीतरी लगेच सांगतं, "पंप काढावा लागेल." पंपाचं काम महागडं, आणि ते अंगणात करण्यासारखंही नाही. आधी स्वस्तातलं तपासा. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतात. इथे सगळा मामला स्वच्छ हवेचा आणि स्वच्छ डिझेलचा.

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा. उजेड दिसत नसेल तर नवा घाला. कागदी फिल्टर धुऊ मात्र नका. (धूर निळा असेल तर ऑइल जळतंय, ते मिस्त्रीचं काम.)

मग डिझेल फिल्टर. इंजिन बंद करून फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सैल करा आणि निघेल ते काचेच्या बाटलीत धरा. पाणी असलं तर तळाशी वेगळं बसलेलं दिसतं. पंप आणि नोझल खराब करतं ते हेच पाणी. स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडा, मग स्क्रू आवळा. फिल्टर बदललात तर हातपंप मारून लाइनमधली हवा काढा, नाहीतर फजरनंतर मंडीला निघताना गाडी सुरूच व्हायची नाही.

ऑइल बदलताना नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. जुनं ऑइल गटारात ओतू नका, डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या.

एवढं करूनही काळा धूर राहिला, तर पंप-नोझल दाखवा, आणि काय काय बदललंय ते मिस्त्रीला आधीच सांगा.