टिकणाऱ्या फोनचा गिऱ्हाईक तुम्ही मोजतच नाही

प्रति,
सचिव, ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

डिसेंबर 2022 मध्ये आपण ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल काढले. सप्टेंबर 2024 मध्ये वस्तू दुरुस्त करणे किती सोपे हे सांगणाऱ्या दुरुस्ती निर्देशांकासाठी समिती नेमली आणि मे 2025 मध्ये तिचा अहवालही घेतला. पण तो निर्देशांक फोनच्या खोक्यावर सक्तीने छापला जात नाही, तोवर ग्राहकाच्या पदरात काय पडले?

ही झळ लहान फोन वर्षानुवर्षे जपणाऱ्यालाही बसते, पण तो मोजलाच जात नाही. लहान फोन खपत नाहीत, असे कंपन्या सांगतात. ॲपलने 2020 आणि 2021 मध्ये 5.4 इंची ‘मिनी’ आणले आणि 2023 मध्ये ते बंद केले. 4.7 इंची ‘एसई’ 2025 मध्ये गेला, त्याच्या जागी 6.1 इंची आला. पण दरवर्षी फोन बदलणारा पाच वर्षांत पाचदा मोजला जातो, पाच वर्षे एकच फोन वापरणारा एकदाच. एका हातात मावणारा, खिशात बसणारा फोन ज्याला हवा, त्याला बाजारात दुसरा मिळतच नाही. म्हणून तो आहे तोच जपतो, आणि जपतो म्हणूनच खपाच्या आकड्यांतून गळतो. मोठा पडदा अनेकांना हवा असतो, अभ्यासाला आणि अधू नजरेला तो सोयीचाही आहे, हे मान्य. त्यांचा फोन काढून घ्या, असे कोणी म्हणत नाही.

जुना फोन धडधाकट असूनही निकामी होतो, हे सरकारने स्वतः पाहिले आहे. 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी 2019 साली सरकारने दिलेले फोन परत केले. 2 जीबी रॅमवर सरकारचेच पोषण ॲप चालेना आणि दुरुस्तीचा भुर्दंड त्यांच्यावर पडत होता. आमच्या तेरखेड्यात फटाक्यांच्या कारखान्यांत रोजंदारी करणाऱ्याला डिस्प्ले बदलायला बार्शी किंवा धाराशिव गाठायचे म्हणजे रोज बुडवणे. तिथेही भाग मिळाला नाही, तर नवा फोन हप्त्यावर.

सक्तीने किमती वाढतील, असे उत्तर येईल. काही वाढतीलही. पण जास्त वर्षे चालणारा फोन वर्षाच्या हिशेबात स्वस्तच पडतो. युरोपीय संघाने 20 जून 2025 पासून विक्री थांबल्यावरही 7 वर्षे महत्त्वाचे सुटे भाग आणि किमान 5 वर्षे अपडेट बंधनकारक केले. तिथे विकणाऱ्या बऱ्याच कंपन्या इथेही विकतात, मग तीच सोय इथल्या ग्राहकाला का नको? फोनवर 18 टक्के जीएसटी आम्हीही भरतो.

लहान फोन बनवाच, असा हुकूम आपण काढू शकत नाही. पण निर्देशांक, सुटे भाग आणि अपडेटची वर्षे खोक्यावर छापण्याची सक्ती करू शकता. ती तारखेसह जाहीर करा. आता आणखी समिती नको.

एक ग्राहक,
तेरखेडा, ता. वाशी, जि. धाराशिव