स्टिक हातात, पण ऐकायचं कुणाचं?

वर्ध्याचं बरंच पब्लिक पुण्यात नोकरीला. दिवाळीला घरी जायचं तर लोहगावहून नागपूरची फ्लाइट, पुढे गाडी. लोहगावचा रनवे एअरफोर्सचा, त्यामुळे कधीकधी बोनस मिळतो. आपलं विमान ताटकळत उभं असतं आणि समोर सुखोई उतरतं, मागे पॅराशूट फुलतं. आपण खिडकीला नाक लावून म्हणतो, ‘सही!’ पण खरी कसरत त्याआधीच्या काही सेकंदांत होऊन गेलेली असते. ती दिसत नाही.

फंडा असा आहे. आजच्या फायटरमध्ये पायलटची स्टिक आणि पंख यांच्यामध्ये कम्प्युटर बसलेला असतो. यालाच म्हणतात फ्लाय-बाय-वायर. पायलट फक्त काय हवंय ते सांगतो. पंखाची कुठली फळी किती हलवायची, हे सॉफ्टवेअर ठरवतं. आपलं तेजस तर चपळाईसाठी मुद्दाम अस्थिर बनवलंय. तळहातावर काठी उभी तोलावी तसा कम्प्युटर त्याला सतत सावरत असतो.

लँडिंगला मात्र याच सॉफ्टवेअरला नियम बदलावे लागतात. एफ-१६ मध्ये चाकं खाली घेतली की कम्प्युटर स्टिकच्या हालचालीचा अर्थ वेगळा लावतो, कारण आता वेग कमी आणि जमीन जवळ. चाकं टेकली की आणखी एक पेच. नाक हवेत फिरतं तसं आता फिरत नाही. कम्प्युटरला वाटतं, आपलं कमी पडतंय. तो जोर वाढवत जाईल. म्हणून चाकांवर भार आल्याचा सिग्नल मिळताच साठलेला हिशेब पुसावा लागतो.

हे गणित फिसकटलं तर काय होतं? २ फेब्रुवारी १९८९, स्वीडनमधलं लिंकोपिंग. ग्रिपेनचं पहिलं प्रोटोटाइप उतरत होतं. वारा झोंबत होता. पायलट लार्स रोडेस्ट्रम सावरायला जायचे, विमान उशिरा साथ द्यायचं, तोवर त्यांचा हात उलट दिशेला गेलेला. सोलर गीझरखाली आपलं होतं ना, तसंच! गरम पाणी येईना म्हणून नळ आणखी फिरवायचा, मग एकदम चटका, मग घाईने उलटा. विमान झोके खात रनवेवर आदळलं आणि उलटलं. त्यांचं कोपर मोडलं, जीव वाचला. दोष सापडला तो कंट्रोलच्या सॉफ्टवेअरमध्ये.

आता या, आपल्या शेजारच्या गोव्यात. तेजसला मागचा आडवा पंख नाही. नाक वर करायचं तर मुख्य पंखांच्या मागच्या फळ्या वर उचलतात. त्याने उचल क्षणभर घटते. म्हणजे वर जायचंय, पण विमान आधी किंचित खाली बसतं! लांब रनवेवर हे चालून जातं. विमानवाहू नौकेवर नाही. तिथे अलगद टेकवायचा लाड नसतो. ठरलेल्या उतारावरून येऊन थेट डेकवर आदळायचं आणि हुकाने आडवी तार पकडायची. म्हणून नौदलाच्या तेजसला पंखाच्या पुढच्या मुळाशी ‘लेव्हकॉन’ नावाच्या हलत्या फळ्या दिल्या, कमी वेगात उतरता यावं म्हणून.

दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावर १३ सप्टेंबर २०१९ ला या विमानाने जमिनीवरच्या तारेत पहिल्यांदा हूक अडकवला. आणि ११ जानेवारी २०२० ला कमोडोर जयदीप मावळणकर यांनी ते समुद्रात आयएनएस विक्रमादित्यवर उतरवलं. भारतीय बनावटीचं फायटर नौकेवर उतरण्याची ती पहिलीच वेळ. नौदलाने २०२५ मध्ये राफेल-मरीनचा करार केला, हे खरं. पण असं सॉफ्टवेअर बाजारात तयार मिळत नाही. ते असंच उतरून उतरून शिकावं लागतं.

टीम लीड मंडळी, तुमच्यासाठी टीप : गोंधळ वाढतोय आणि हाताखालचा माणूसही तेच सावरतोय, असं दिसलं तर स्टिक आणखी जोरात ओढू नका. ग्रिपेन आठवा.