चिंचोक्यांची शाळा

आमच्या निफाड तालुक्यातील थंडीची बातमी दरवर्षी वर्तमानपत्रात येते. पारा किती खाली उतरला, द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या कशा पेटवाव्या लागल्या, हे सारे त्या बातमीत असते. परंतु त्या थंडीत घराघरांतील लहान मुले दिवस कसा काढतात, याविषयी कोणी लिहीत नाही. सकाळी ऊन वर येईपर्यंत मुले गोधडीतून बाहेर येत नाहीत आणि सायंकाळी सहाच्या सुमारास अंधार पडला की पुन्हा घरात. या घरात बसण्याच्या वेळेचे आपण काय करतो, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

गेल्या हिवाळ्यात माझा पुतण्या साडेचार वर्षांचा होता. दादा, वहिनी आणि आई तिघेही मजुरीला बागेत जात. तो हंगाम द्राक्षमण्यांच्या विरळणीचा. सायंकाळी सारे थकून येत आणि मूल रडू नये म्हणून त्याच्या हातात मोबाइल दिला जाई. मला ते पाहवत नसे. आमच्या घरातून महाविद्यालयात पाऊल टाकणारी मी पहिलीच. साहजिकच पुतण्याच्या शिक्षणाची जबाबदारी माझी, असे मी ठरवून टाकले. बाजारातून एक वही आणली आणि रोज एक पान 'अ' गिरवायचा, असा नियम केला.

पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी त्याने तीनच ओळी काढल्या आणि बोटे दुखतात म्हणाला. मी हातावर पट्टी मारली. तो गोधडीत शिरून हुंदके देऊ लागला. आईने भाकरीचे पीठ तसेच ठेवले, त्याला मांडीवर घेतले आणि फळीवरचा चिंचोक्यांचा डबा खाली काढून त्याच्यापुढे ओतला. मी संतापून म्हणाले, "आई, तुला काय कळतं गं अभ्यासातलं? चिंचोक्यांनी का कोणी शिकतं?" आई एवढेच म्हणाली, "तू शिकव बाई. मी आपली त्याला गप करते."

नंतर आठवडाभर मी रागाने वही काढलीच नाही. एका सायंकाळी पुतण्याने मला हाक मारली, "आत्या, हे बघ. पाच-पाचाचे तीन ढीग झाले अन् दोन उरले." मी पाहतच राहिले. सतरा हा आकडा त्याला लिहिता येत नव्हता, पण सतरा म्हणजे किती हे त्याला समजले होते. मला लहानपणी आकडे आधी लिहिता आले आणि त्यांचा अर्थ फार उशिरा कळला. आईला सही करता येत नाही, पण घडात किती मणी ठेवायचे आणि किती कापायचे, हे ती नजरेनेच ठरवते. ती मोजणी तिने त्याला दिली होती.

त्यानंतर मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात या विषयावरील पुस्तके शोधू लागले. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे १९४५ साली ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने खेड्यात कोठून आणणार? म्हणून त्यांनी शिंपले, बिया, पाने, खडे अशा आसपासच्या वस्तू साधने म्हणून वापरल्या. मुले शाळेत येत नसतील तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी हा शब्द रुजला. म्हणजे ज्या डब्याला मी नावे ठेवली, तोच डबा थोर बालशिक्षकांनी मानाने हाती घेतला होता. हे वाचताना मला आईची आठवण झाली आणि मान खाली गेली.

आता प्रश्न असा की, हे घरच्या घरी कसे करावे? त्याला पैसा लागत नाही. मूग, मटकी आणि हरभरा एकत्र करून मुलापुढे ठेवावा आणि तीन वाट्यांत वेगळा करावयास सांगावे. चिमटीने दाणा उचलताना जी बोटे तयार होतात, त्याच बोटांनी पुढे पेन्सिल धरायची असते. माझ्या पुतण्याची बोटे का दुखत होती, हे मला तेव्हा उमगले. थंडीत घरोघरी बाजरीची भाकरी होते. त्या पिठाचा लहानसा गोळा मुलाला द्यावा. त्याचे साप होतात, पोळपाट-लाटणे होते आणि हळूहळू 'र'देखील होतो. ताटात पीठ पसरून बोटाने अक्षर काढावे, हलवून पुसावे, पुन्हा काढावे. जुन्या पंतोजींच्या शाळेतील धूळपाटी ती हीच. दिवा गेला तर मेणबत्तीपुढे हाताचा ससा करावा. हात ज्योतीजवळ नेला की सावली मोठी का होते, हे मूल आपण होऊन विचारते. संक्रांतीचे तिळगूळ वळताना प्रत्येकाला दोन-दोन वाटावयास सांगावे, म्हणजे भागाकाराची ओळख होते. आणि आजीजवळ कोडी आहेतच. एका कोड्यात जितकी भाषा असते, तितकी वहीच्या दहा पानांत नसते, असे माझे मत झाले आहे.

यावर कोणी म्हणेल, "हे सारे ठीक, पण गरिबाच्या मुलाला अक्षर आले पाहिजे. श्रीमंतांची मुले गिरवून पुढे जातील आणि आमची चिंचोके मोजत बसतील." हा आक्षेप मला हसण्यावारी नेता येत नाही. दादाही हेच म्हणाला होता. अक्षर आलेच पाहिजे. ते आले नाही म्हणून माझ्या आईला बँकेत अंगठा द्यावा लागतो. परंतु तीन ते सहा वर्षांच्या वयात अक्षराची भीती बसली, तर पुढे शाळा सुटायला ती एकच गोष्ट पुरते. आधी हात, डोळा, कान आणि जीभ तयार झाली, तर अक्षर उशिरा येऊनही टिकते. पट्टीने आलेले अक्षर पट्टी गेली की जाते.

दुसरा आक्षेप याहून कठीण आहे. दिवसभर राबून आलेल्या बाईने हे कधी करावे? सारे तिच्यावरच टाकणे हा अन्याय होईल. म्हणून मी म्हणते की, घरातील पुरुषांनी आणि माझ्यासारख्या शिकणाऱ्या भावंडांनी रोज अर्धा तास द्यावा. आणि ज्यांना घरच नाही, त्यांचे काय? ऊसतोडणीचा हंगाम थंडीतच असतो. बीड-अहिल्यानगरकडची कुटुंबे मुलांसह कारखान्यांच्या परिसरात येतात आणि कोपीत राहतात. 'घरच्या घरी' हे शब्द लिहिताना ती मुले माझ्या डोळ्यांपुढे येतात.

म्हणून एक सूचना करून हा लेख संपवते. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर हिवाळ्यातच भरते. आपण बांध घालतो, गटारे साफ करतो, ते योग्यच आहे. त्याबरोबर रोज सायंकाळी एक तास गावातील आणि कोप्यांतील लहान मुलांमध्ये बसावे. तसेच गावातील आजींकडून कोडी आणि बैठे खेळ लिहून घ्यावेत. मराठी विभागाला त्यातून एक चांगला संग्रह मिळेल आणि आपण शिकवायला आलो आहोत हा आपला गैरसमजही थोडा कमी होईल. प्राध्यापकांनी याचा विचार करावा, ही नम्र विनंती.

पुतण्या या जूनपासून शाळेत जाऊ लागला आहे. वही तो आता स्वतःहून मागतो. डबा अजून त्याच फळीवर आहे. आईची क्षमा मी मागितली, तेव्हा ती म्हणाली, "आता मला पण माझं नाव काढायला शिकव." सध्या ताटात पीठ पसरून आमचे तेच चालले आहे.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला