सूक्ष्मदर्शक यंत्र आणि दातांची चिकित्सा

दात आहेत तर चणे नाहींत आणि चणे आहेत तर दात नाहींत, ही म्हण म्हणून आपण दैवास बोल लावतों. परंतु दात जाण्यास दैवापेक्षां आपली घाईच पुष्कळदां कारण होते, असें आमचें मत आहे. दाढ ठणकूं लागली कीं, "काढून टाका," असें सांगून आपण मोकळे होतों. तिच्या आंत काय बिघडलें आहे, हें पाहण्याचा धीर आपणांस नसतो.

हा धीर हॉलंडमधील डेल्फ्ट नगरच्या लेव्हेनहुक नांवाच्या कापडाच्या व्यापाऱ्यानें दाखविला. तो नित्य मिठानें दात घाशीत असे. तरीहि दातांच्या फटींतील पांढरा मळ स्वतः घडविलेल्या भिंगाखालीं धरतांच त्यास त्यांत असंख्य सूक्ष्म जीव वळवळतांना दिसले. हें त्यानें इ. स. १६८३ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविलें. पुढें १८९० सालीं मिलर या दंतवैद्यानें प्रतिपादन केलें कीं, असे जंतु साखर व पिष्ट आंबवून आम्ल उत्पन्न करतात आणि त्या आम्लानें दात किडतो.

आज दंतवैद्याच्या खुर्चीशेजारीं जो सूक्ष्मदर्शक असतो, तो जंतु पाहण्यासाठीं नव्हे. तो दाताचा अंतर्भाग सुमारें तीनपटींपासून पंचवीसपटींपर्यंत मोठा करून, लख्ख उजेडांत दाखवितो. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेस बहुधा तीन मुळें असतात. परंतु त्यांपैकीं एका मुळांत पुष्कळदां दुसरी बारीक नलिका दडलेली असते. नुसत्या डोळ्यांस ती हुकते आणि मग 'रूट कॅनाल' होऊनहि आंतील दोष तसाच राहूं शकतो. म्हणूनच अमेरिकेंत या शाखेच्या विशेष शिक्षणांत १९९८ पासून सूक्ष्मदर्शकाचा अभ्यास आवश्यक ठरला.

हें यंत्र महाग आहे, गांवोगांवीं नाहीं, आणि प्रत्येक दात त्यानें वांचतो असेंहि नाहीं, हें आम्ही जाणतों. तथापि पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलाची पक्की दाढ काढविण्यापूर्वीं, "ही वांचविण्याजोगी आहे काय?" एवढें तरी दंतवैद्यास विचारावें. ती एकदां गेली कीं पुन्हा उगवत नाहीं.

आणि विद्यार्थिमित्रांनो, रात्रीं निजण्यापूर्वीं दात घासण्यास कोणतेंहि यंत्र लागत नाहीं! लेव्हेनहुक स्वतःच्याच मुखांतील मळ तपासण्यास लाजला नाहीं. आपणहि आपली तपासणी आपल्यापासूनच आरंभावी.