बांज, चीड आणि आपला श्वास

मे महिन्यात नैनिताल-मुक्तेश्वरकडे जाणाऱ्या आपल्याकडील कुटुंबांना चिडाच्या वनातील सुगंधी हवा फार भावते. मात्र याच दिवसांत तेथील दऱ्यांत अनेकदा वणव्याचा धूर कोंडलेला असतो.

कुमाऊँच्या उतारांवर दीड-दोन हजार मीटर उंचीच्या पट्ट्यात चीड आणि बांज एकमेकांत मिसळतात. बांज हा हिमालयातील ओक. त्याच्या गळलेल्या पानांची मऊ, काळी माती होते व पावसाचे पाणी तीत मुरते. चिडाच्या सुया, तेथील भाषेत पिरूल, राळयुक्त असल्याने सावकाश कुजतात आणि ठिणगी पडताच पेटतात. जाड सालीमुळे मोठा चीड वणव्यातून तरतो, बांजाची रोपे होरपळतात; मोकळ्या झालेल्या जमिनीवर पुन्हा चिडाचेच बी रुजते. इंग्रजी अमलात राळ आणि रेल्वेचे स्लीपर यांच्यापायी चिडाला झुकते माप मिळाले. तरीही सारा दोष चिडाच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. चारा-सरपणासाठी बांज वरचेवर छाटला की त्याला फळच धरत नाही.

याचा भार पडतो तो बायकांच्या मानेवर. नौला, म्हणजे झऱ्यावरची दगडी विहीर, आटला की हंडा दूरवरून चढणीने आणावा लागतो.

घरात कोणाला दमा असल्यास ही सहल ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आखावी. उन्हाळ्यातच जाणे झाले, तर इनहेलर सामानाच्या तळाशी न ठेवता खिशात ठेवावा, आणि धूर दिसताच चढणीची पायपीट त्या दिवसापुरती रद्द करावी.