काठावर येण्यापूर्वी

'धाडस' हा शब्द आपल्या महाविद्यालयात जितक्या सहजपणे वापरला जातो, तितक्या सहजपणे तो कुणी तपासून पाहत नाही. वक्तृत्व स्पर्धेत तो हटकून येतो, स्नेहसंमेलनाच्या पाहुण्यांच्या भाषणात येतो आणि जिमखान्याच्या पायऱ्यांवर बसलेल्या मंडळींच्या तोंडी तर तो रोजचाच. तिथे त्याचा अर्थ एवढाच, की चारचौघांनी 'कर' म्हटले की करायचे. हा अर्थ मला मान्य नाही. का मान्य नाही, ते सांगण्यासाठी मी सायकलचे उदाहरण घेणार आहे. कला शाखेच्या विद्यार्थिनीने वार्षिकात कविता लिहावी, फार तर सहलीचे वर्णन लिहावे, अशी रूढी आहे खरी. पण गेली दोन वर्षे डोंगरवाटेवर सायकल चालवताना मला जे समजले, ते कुठल्याही क्रमिक पुस्तकात मला सापडले नव्हते. गुरुजनांनी राग मानू नये!

आपल्या गावामागच्या टेकडीवर दर रविवारी सकाळी आपल्यातलीच दहाबारा मुले-मुली जाड टायरच्या, गिअरच्या सायकली घेऊन जातात, हे अनेकांना ठाऊक आहे. डोंगरातली वाट मध्येच तुटते. खडकाची पायरी येते किंवा बांधाची कड येते, आणि पुढची वाट दोन-तीन फूट खाली सुरू होते. सायकलवरून न उतरता, दोन्ही चाके हवेत घेऊन ही उंची उतरणे, याला या खेळात 'ड्रॉप' म्हणतात. पाहणाऱ्याला ते डोळ्याचे पाते लवते न लवते एवढ्या वेळाचे काम वाटते. म्हणूनच ते केवळ छातीचे काम आहे, असाही त्याचा समज होतो.

गेल्या पावसाळ्यानंतर अशाच एका ड्रॉपवर आपल्या एका वर्गमित्राच्या हसळीचे हाड मोडले. त्या रविवारी मी टेकडीवर नव्हते. जे होते त्यांनी सांगितले ते असे. तो काठापाशी दोनदा थांबला आणि दोनदा मागे फिरला. तिसऱ्या खेपेला मागून गलका झाला, 'अरे, टाक की! बायकांसारखा काय थांबतोस?' आणि तो निघाला. नेमका काठावर त्याचा हात ब्रेकवर गेला. पुढचे चाक सरळ खाली गेले आणि तो हँडलवरून पुढे फेकला गेला. उजवा हात कित्येक आठवडे गळ्यात होता. सत्राचे पेपर त्याला लेखनिक घेऊन द्यावे लागले. पुढे त्याला चिडवायला एक नावही पडले. ओरडणाऱ्यांना मात्र कुणी काही विचारले नाही. नजर कुठे ठेवायची, वेग किती ठेवायचा, हे त्यांच्यापैकी एकानेही त्याला सांगितले नव्हते. सांगणार कसे? ते त्यांनाही ठाऊक नव्हते!

माझे म्हणणे असे, की धाडस शिकवता येते आणि शिकवलेच पाहिजे. त्याला क्रम आहे, रीत आहे, आणि त्या रीतीत भीतीलाही मानाची जागा आहे. ती जागा काठाच्या अलीकडे. तिथे भीतीचे सगळे ऐकून घ्यावे. एकदा निघालो, की मात्र तिला बोलू देऊ नये. आपल्याकडे नेमके उलटे होते. आधी 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' म्हणून तिचे तोंड बंद करायचे, आणि मग ती ऐन काठावर ब्रेक होऊन प्रकट होते.

ऐन वेळचा ब्रेक एवढा घातक का? इथे थोडा हिशेब करू. सायकलच्या दोन चाकांच्या आसांमध्ये सुमारे १.२ मीटर अंतर असते. माणसाच्या चालीने, म्हणजे ताशी ५ किलोमीटर वेगाने काठ ओलांडला, तर पुढचे चाक सुटल्यापासून मागचे चाक काठाशी येईपर्यंत पाऊण सेकंदाहून अधिक वेळ जातो. आणि कोणतीही वस्तू एक मीटर खाली पडायला अर्धा सेकंददेखील लागत नाही. म्हणजे मागचे चाक अजून वरच्या खडकावर, आणि पुढचे केव्हाच खाली. सायकल उभी राहते, स्वार पुढे जातो. तीच सायकल ताशी १८ किलोमीटर वेगाने आली, तर मागचे चाक पाव सेकंदातच काठ सोडते. तेवढ्या वेळात पुढचे चाक फार तर फूटभर खाली येईल, आणि तेवढे हातांनी व कमरेने सावरता येते. हळू म्हणजे सुरक्षित, हा नियम इथे चालत नाही. अर्थात वेग भलताच वाढवला, तर उतरायची चांगली जागा मागे पडते आणि आपण तिच्यापलीकडे जाऊन आपटतो. प्रत्येक ड्रॉपला त्याचा त्याचा वेग असतो, आणि तो आधीच ठरवावा लागतो. अर्धवट मनाने जाणारा सर्वांत आधी पडतो, तो यामुळे.

रीत म्हणाल तर सांगायला सोपी आहे. सीट आधीच खाली करून ठेवावी. काठाकडे येताना सीटवरून उठून पायडलवर उभे राहावे. दोन्ही पायडल एका पातळीत, टाचा किंचित खाली, गुडघे आणि कोपर वाकलेले, वजन मधोमध पायांवर. बोट ब्रेकवर असावे, पण ब्रेक दाबू नये. नजर काठावर न ठेवता जिथे उतरायचे त्या जागेवर ठेवावी. काठ आला की हँडल वर ओढायचे नाही. हात लांबवून सायकल पुढे सारायची. त्यासरशी कंबर आपोआप थोडी मागे जाते आणि पुढचे चाक झुकत नाही. खाली उतार असेल तर हवेतच सायकल त्या उताराला समांतर करायची. जमीन लागली की हातपाय वाकवून धक्का पचवायचा, ब्रेक त्यानंतर. उतारावर उतरणे सपाटीवर उतरण्यापेक्षा पुष्कळ सोपे असते, कारण उतार खाली येणाऱ्या सायकलला पुढे वाट देतो. सपाट जमीन सगळा हिशेब तिथल्या तिथे मागते.

पण हे वाचून कुणी थेट टेकडीवर जाऊ नये. शिकण्याची सुरुवात सहा इंचांपासून होते. फुटपाथची कड पुरे. तिच्यावरून दोन्ही चाके जवळजवळ एकदम टेकेपर्यंत वीस-पंचवीस वेळा उतरावे. मग एक फूट. ते कंटाळवाणे वाटू लागले, की दीड फूट. उंची दुप्पट झाली की पचवायचा धक्काही दुप्पट ऊर्जेचा होतो, हे लक्षात ठेवले म्हणजे घाई होत नाही. आणि प्रत्येक नव्या जागी आधी सायकल आडवी ठेवून पायी खाली जावे, जिथे उतरायचे तिथे उभे राहून वर पाहावे, सुटे दगड आहेत का, पुढे थांबायला जागा आहे का, हे तपासावे. डोक्यावर हेल्मेट आणि गुडघ्यांना पॅड हवेतच. मी स्वतः फूटभर उंचीवर दीड महिना काढला. त्या दीड महिन्यात माझी पुष्कळ थट्टा झाली. हाड मात्र एकही मोडले नाही.

आता थट्टेविषयी. मोठ्या शर्यतींच्या मार्गावर जिथे अवघड उतरण असते, तिथे बहुधा दोन वाटा आखलेल्या असतात. सरळ आणि अवघड ती 'ए', वळशाची आणि सोपी ती 'बी'. वळसा घेणाऱ्याचा वेळ जातो, एवढीच त्याला शिक्षा. नियमाने तो कुठेही कमी ठरत नाही. पण स्वारांच्या बोलीत या वळशाला 'चिकन लाइन', म्हणजे भित्र्यांची वाट, असे नाव पडले आहे. हे नाव मला खटकते. 'आज माझी तयारी नाही', हे स्वतःला आणि चारचौघांना सांगता येणे, ही या खेळातली सर्वांत अवघड गोष्ट आहे. आमच्या टेकडीवर त्या वळशाला 'मुलींची वाट' म्हणतात! मी ती अनेकदा घेतली आहे, आणि अनेकदा घेतलेली नाही. दोन्ही वेळा निर्णय माझा होता.

'सराव झाला की मग कशाला थांबून पाहायचे?' असे विचारणाऱ्यांसाठी टोकियो ऑलिंपिकचा दाखला देते. २६ जुलै २०२१ रोजी इझू येथे पुरुषांची माउंटन बाइक शर्यत झाली. नेदरलँड्सचा माथ्यू व्हान डर पूल पदकाच्या दावेदारांपैकी एक होता. सायक्लोक्रॉसचा तो तोवर चार वेळा विश्वविजेता झालेला होता. पहिल्याच फेरीत एका मोठ्या ड्रॉपवर तो हँडलवरून पुढे पडला आणि पुढे त्याला शर्यत सोडावी लागली. आधीच्या पाहणीत त्या जागी उतरायला फळी टाकलेली होती; शर्यतीत ती नव्हती, आणि ती असेल अशा समजुतीने तो आला होता. त्याच शर्यतीत ब्रिटनच्या टॉम पिडकॉकने सुवर्णपदक मिळवले. व्हान डर पूलकडे धाडस कमी होते असे कोण म्हणेल? कौशल्य तर नव्हतेच कमी. मनातली जमीन आणि पायाखालची जमीन यांत एका फळीचे अंतर पडले, एवढेच. जगातल्या उत्तम स्वाराची ही कथा, तर आपण रविवारचे स्वार! आणि 'बायकांसारखा' म्हणणाऱ्यांसाठी एक जोड: दुसऱ्याच दिवशी त्याच डोंगरावर स्त्रियांची शर्यत झाली, आणि योलांडा नेफ, सीना फ्राय आणि लिंडा इंडरगांड या तिघी स्विस मुलींनी तिन्ही पदके नेली.

क्रमाने शिकवण्याची ही कल्पना परदेशातून आणायला हवी, असेही नाही. गावाकडच्या विहिरी आठवून पाहा. पोहायला शिकवणाऱ्यांच्या तिथे दोन जाती असतात. एक काका पाठीला रिकामा डबा किंवा वाळका भोपळा बांधतो, आधी खालच्या पायरीवरून सोडतो, मग वरच्या पायरीवरून, आणि पोराचा श्वास स्थिरावला की कधीतरी पोर आपण होऊन काठावरून सूर मारते. दुसरा पोराला नकळत मागून ढकलतो आणि हसतो. दोघांचीही पोरे पुढे पोहतात, हे मी मान्य करते. पण दुसऱ्याच्या हाताखालची काही पोरे आयुष्यात पुन्हा विहिरीकडे फिरकत नाहीत. त्यांची गणती कुणी ठेवत नाही, आणि म्हणून ढकलण्याची रीत यशस्वी ठरते.

कुणी म्हणेल, एवढे मोजूनमापून केले तर खेळातली मजा काय राहिली? हा खेळ मुळात बेफिकीर पोरांनीच नाही का काढला? खरे आहे. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्स गावाजवळ काही तरुणांनी जुन्या, जडशीळ सायकली घेऊन डोंगरउताराची शर्यत सुरू केली, आणि पुढच्या माउंटन बाइकची पाळेमुळे अशा शर्यतींत आहेत. त्या शर्यतीचे नाव होते 'रिपॅक'. उतारावर मागच्या चाकातला ब्रेक इतका तापे, की आतले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. त्या पुन्हा भरण्यावरून हे नाव. मला हे फार सूचक वाटते. त्या बेफिकीर म्हणवणाऱ्या पोरांनी आपल्या शर्यतीला नाव दिले ते पराक्रमावरून नव्हे, तर देखभालीवरून!

तेव्हा जिमखान्याला माझी विनंती आहे. मैदानाच्या कोपऱ्यात सहा इंच, एक फूट आणि दीड फूट उंचीची तीन भक्कम लाकडी खोकी आणि पुढे मातीचा उतार, एवढे करून द्यावे. त्याला फार खर्च नाही. जाणत्या स्वारांपैकी दोघांनी आळीपाळीने तिथे उभे राहावे. हेल्मेटशिवाय कुणाला येऊ देऊ नये. आणि एक नियम फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावा: काठावर उभ्या असलेल्याला मागून कुणी काही ओरडायचे नाही. त्याला सांगायचे असेल ते तो काठावर येण्यापूर्वी, जवळ जाऊन, हळू आवाजात सांगावे. आणि तो वळून परत आला, तर त्याच्यासाठी वाट सोडावी.